जुन्या फोरमच्या चाव्या हातात आल्या, आता पुढे काय?

प्रश्न बराच लांब होता म्हणून आधी थोडक्यात सांगते. ओळखीच्या एका काकांनी वीसेक वर्षांपूर्वी सुरू केलेला मराठी ट्रेकिंगचा फोरम आहे, काकांना आता वयामुळे जमत नाही, त्यांनी ॲडमिनचा पासवर्ड तुमच्या हातात ठेवलाय. तुम्ही सॉफ्टवेअरवाले नाही. रोज ढिगाने बोगस रजिस्ट्रेशन येतायत, आठवड्यात खरे प्रतिसाद चार-पाच, साइट मधूनच झोपते, आणि मेंबर म्हणतायत की फेसबुक ग्रुप काढा नि सुटा. तर चालवायचा की बंद करायचा, आणि चालवायचा तर कसा.

मीही असाच एक भटकंतीचा फोरम बरीच वर्षं सांभाळतेय, फुकट, नोकरी-घर सांभाळून. माझं मत विचाराल तर चालवा. आठवड्याला चार-पाच प्रतिसाद म्हणजे फोरम मेला असं नसतं, वाचणारे त्याच्या कितीतरी पट असतात, फक्त ते रोमात (‘रीड ओन्ली मोड’मध्ये) असतात, लॉगिन न करता वाचून जातात. पावसाळा सुरू झाला की तुमच्याकडच्या जुन्या धाग्यांवर कशी गर्दी होते ते एकदा लॉगमध्ये (कुठलं पान किती वेळा उघडलं याच्या नोंदीत) बघाच. मी बघितलेले जे फोरम गेले ते मेंबर आटले म्हणून गेले नाहीत. सगळं एकाच माणसाच्या नावावर होतं आणि तो माणूस कंटाळला, आजारी पडला किंवा मेल आयडी बदलून बसला, म्हणून गेले. त्यामुळे सॉफ्टवेअर, स्पॅम वगैरे नंतर, आधी नावांचं बघा.

आज काकांच्या घरी जा, चहा प्या आणि तीन गोष्टी विचारा: डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे, कुठल्या मेल आयडीवर आहे, आणि तो मेल आयडी अजून उघडतो का. नव्वद टक्के दुखणं इथे असतं. डोमेन काकांच्या जुन्या ऑफिसच्या नाहीतर एखाद्या बंद पडलेल्या मेलवर असतं, रिन्यूअलची सूचना तिकडे जाते आणि कुणाला पत्ता नसतो. डॉट कॉम संपलं की रजिस्ट्रार (डोमेन विकणारा) थोडे दिवस सवलत देतो, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. वीस वर्षं जुनं डोमेन, गूगलमध्ये मान, शेकडो साइटवरून लिंका, असं डोमेन सुटायची जुगाराच्या साइटवाले वाटच बघत असतात. आणि ‘ऑटो-रिन्यू चालू आहे’ यावर बिलकुल विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून आरबीआयचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापू द्यायच्या परवानगीचे) नियम लागू झाले, तेव्हापासून आपल्या कार्डावरून परदेशी कंपन्यांचे आपोआप होणारे कित्येक पेमेंट गपचूप फेल होतात, स्क्रीनवर मात्र ऑटो-रिन्यू हिरवंच दिसतं. डॉट कॉम एकदम दहा वर्षांपर्यंत भरता येतं. जमतील तेवढी वर्षं एकदम भरून टाका.

मग दुसरा माणूस शोधा. डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा) आणि ॲडमिन आयडी या तिन्ही गोष्टींचा ॲक्सेस कायम दोन माणसांकडे हवा, आणि ती शक्यतो एकाच घरातली नकोत. नवराबायको मिळून फोरम चालवतात ते छान दिसतं, पण एका गावाला गेले की दोघं एकदम गायब. आमच्याकडे एकजण इथे आणि एक अमेरिकेत आहे, त्याचा आणखी एक फायदा पुढे येईलच.

फेसबुकचं म्हणाल तर गप्पांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप असू दे, तो तुमच्याकडे आधीच असणार, पण मजकूर तिकडे हलवू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्याच्या आधी २००९ मध्ये फुकट वेबपानं देणारं जिओसिटीज गेलं, याहू ग्रुप्सवाल्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये आधी जुना मजकूर काढला आणि वर्षभराने सगळाच गाशा गुंडाळला. त्यावर भटकंतीवाल्यांचे किती ग्रुप होते ते त्या काळातल्या लोकांना विचारा. आणि फेसबुक ग्रुप उद्या राहिला तरी त्यात ‘नाणेघाटाची गुहा पावसात मुक्कामाला चालते का’ असा सहा वर्षं जुना प्रतिसाद शोधून दाखवा. तुमच्या फोरमवर तो दोन मिनिटांत सापडतो, निदान सापडायला हवा. सापडत नसेल तर त्याचंही कारण आहे, ते सांगते.

पण त्याच्याही आधी बॅकअप. होस्टिंगवाले बॅकअप घेतात हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलंय, पण अकाउंट सस्पेंड झालं की त्यांचा बॅकअपही त्यांच्याकडेच राहतो. बॅकअप म्हणजे तीन वस्तू: डेटाबेसचा डम्प (सगळ्या मजकुराची एका फाइलमधली प्रत), अटॅचमेंटचं अख्खं फोल्डर आणि कॉन्फिगची (सेटिंगची) फाइल. लोक फक्त पहिली घेतात आणि नंतर सगळे फोटो गेलेले असतात. आणि तो बॅकअप स्वतःच्या कॉम्प्युटरवर परत चढवून फोरम उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणायचं नाही. उघडल्यावर मराठी वाचा. हे मुद्दाम सांगतेय, कारण जुन्या मराठी फोरमचा खरा घोळ इथेच बाहेर येतो.

२००२ ते २००७ च्या काळातले बरेचसे फोरम पीएचपीबीबी २ या फोरम चालवायच्या सॉफ्टवेअरवर होते, आणि त्याची टेबलं लॅटिन-१ नावाच्या युरोपियन लिपीच्या हिशोबाने बनलेली असायची. आपलं मराठी त्यात यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) चे बाइट म्हणून कसंबसं कोंबलेलं असायचं. साइटवर नीट दिसतं, कारण कोंबणारा आणि काढणारा एकच. पण सर्व्हर बदलला किंवा डम्प घेताना कॅरेक्टर सेट चुकला की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए येतो आणि त्याच्यामागे एकतर चार शिंगांचा गोल नाहीतर चक्क जपानी येनचं चिन्ह. असं पान दिसलं की घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे लगेच काही ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. मजकूर शाबूत आहे, फक्त एकदा जास्तीचा भाषांतरित झालाय. डम्प लॅटिन-१ सांगूनच काढायचा, म्हणजे मूळ बाइट जसेच्या तसे बाहेर येतात, मग त्या फाइलमधली टेबलांची व्याख्या बदलून यूटीएफ-८-एमबी-४ करायची आणि तसं सांगून आत घ्यायची. हे कॉपीवर करायचं, चालू साइटवर कधीच नाही. एमबी-४ यासाठी की मायएसक्यूएलचं जुनं साधं यूटीएफ-८ एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरीला तीन पुरतात म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही कळलं नाही, मग लोकांकडे स्मार्टफोन आले, इमोजीला चार बाइट लागतात, आणि प्रतिसाद इमोजीपाशी तुटायला लागले. पहिल्याच ओळीत हसरा चेहरा टाकलेल्या माणसाचा चार परिच्छेदांचा ट्रेक वृत्तांत त्या चेहऱ्यापासून पुढे गायब, आणि तो माणूस ॲडमिनवर सेन्सॉरशिपचा आरोप करतोय!

आणखी एक प्रकार बघायला मिळेल. त्या काळात पानाची भाषा इंग्रजीच ठेवलेली असेल तर ब्राउझर प्रत्येक मराठी अक्षराचा नंबर करून पाठवायचा. म्हणजे ‘म’ टाइप केला तर डेटाबेसमध्ये २३५० हा आकडा आणि त्याच्या आजूबाजूला तीन चिन्हं, एका अक्षरासाठी एकूण सात जागा. पीएचपीबीबी २ मध्ये धाग्याच्या नावाला जागा साठच. ‘हरिश्चंद्रगड’ लिहायला काना-मात्रा-हलन्त धरून बारा अक्षरं लागतात, म्हणजे चौऱ्याऐंशी जागा, त्यामुळे धागा ‘हरिश्चंद’ एवढाच दिसायचा आणि पुढे तुटका कचरा. हे असे धागे तुमच्याकडे असणार. नंबरांचं परत अक्षर करायची छोटी स्क्रिप्ट कुठल्याही कॉलेजच्या पोराला तासाभरात लिहिता येते, तुटलेली नावं मात्र हाताने दुरुस्त करावी लागतात. याला जुने मेंबर लावा, त्यांना आवडतं. शिवाजी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेलं काही असेल तर ते कन्व्हर्टरमधून काढता येतं, पण मूळ मजकूर टाकून देऊ नका, कन्व्हर्टर जोडाक्षरात हमखास माती खातात.

आता शोध. मराठीत ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. जुन्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, नव्यांवर नुक्त्याचा ऱ. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲ’चं. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठीच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या यादीत) २००८ ला आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे. म्हणून ‘खिंडीतून दऱ्याकडे’ असा धागा समोर दिसत असताना सर्च म्हणतो काही सापडलं नाही. उपाय सोपा आहे, सगळ्या मजकुरात एकच रूप करून टाकायचं आणि शोधाचं इंडेक्स (शब्दांची सूची) नव्याने बांधायचं. मला विचाराल तर नवीन थीम, मोबाइल ॲप वगैरेपेक्षा या एका कामाने वाचक जास्त परत आले.

अपग्रेडला पर्याय नाही हे मान्य करून टाका. जुना पीएचपीबीबी ज्या पद्धतीने डेटाबेसशी बोलायचा ती पद्धत पीएचपी ७ मध्ये (पीएचपी म्हणजे फोरम ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय ती), म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, काढूनच टाकली. होस्टिंगवाल्याने एका रात्रीत जुनं व्हर्जन उडवलं की सकाळी पांढरं पान, तुमची साइट ‘झोपते’ त्यातला काही भाग हाच असू शकतो. मराठीतल्या बऱ्याच साइट ड्रुपल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आहेत, त्यांचंही ड्रुपल ७ चं आयुष्य ५ जानेवारी २०२५ ला संपलं. अपग्रेड करताना सगळी जोडलेली मॉड फेकून द्या. सिग्नेचरखाली नाचणारं मांजर, वाढदिवसाची पट्टी, कुणीतरी २००६ मध्ये हौसेने बसवलेला पॉइंटांचा खेळ, सगळं. आठ दिवस आरडाओरडा होतो. एक गोष्ट मात्र जपा, धाग्यांचे नंबर तेच राहिले पाहिजेत, म्हणजे जुन्या लिंका चालतात. पीएचपीबीबी २ वरून ३ वर जायचा अधिकृत कन्व्हर्टर ते सांभाळतो. एकदम दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर उडी मारलीत तर जुन्या पत्त्यांची वळवणी (रीडायरेक्ट) आधी लावा, मगच उडी.

बोगस रजिस्ट्रेशनचा त्रास वाटतो त्यापेक्षा लवकर आटोक्यात येतो. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा काढून टाका, तो आता फक्त म्हाताऱ्या मेंबरांनाच अडवतो. त्याऐवजी मराठीत प्रश्न ठेवा, ‘शिवनेरी कुठल्या जिल्ह्यात आहे’ असा, आणि उत्तर दोन्ही लिप्यांत चालू द्या. हुशार बॉट (माणसाऐवजी साइटवर फिरणारा प्रोग्राम) ते सोडवेल हो, पण हजारो फोरमवर एकदम कचरा टाकणारा तेवढे कष्ट घेत नाही. मधून मधून प्रश्न बदलायचा. नवीन मेंबरचे पहिले तीन प्रतिसाद मंजुरीनंतर दिसतील असं सेटिंग पीएचपीबीबीत तयार असतं, ते चालू करा. साफसफाई करताना शून्य प्रतिसादवाले सगळे आयडी उडवायचा मोह होईल, तो आवरा, त्यात खरे वाचकही असतात. कधीच ॲक्टिव्हेट न झालेले तेवढे उडवा.

साइट झोपण्याचं दुसरं कारण मात्र अलीकडचं आहे. ‘सध्या ऑनलाइन’मध्ये एक मेंबर आणि तीन हजार पाहुणे असं दिसतं का? ते वाचक नव्हेत, एआय कंपन्यांचे नि कसले कसले बॉट आहेत, जुने फोरम त्यांना भलतेच आवडतात, आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगचा ते जीव काढतात. शोधाचं पान, मेंबरांची यादी, प्रोफाइल ही पानं रोबोट्सच्या फाइलमधून (बॉटांनी कुठे येऊ नये ते सांगणारी फाइल) वगळा, जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी पुढे क्लाउडफ्लेअर या बॉट गाळणाऱ्या सेवेचा फुकटचा प्लॅन लावा. वैतागून अख्खा फोरम लॉगिनच्या मागे टाकू नका, मग गूगललाही तो दिसत नाही आणि नवीन माणूस येण्याची एकुलती एक वाट बंद होते.

जुने मेंबर ‘पासवर्ड विसरलो, मेल येत नाही’ म्हणतील. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या) नोंदी नसतील तर तुमचे मेल स्पॅममध्ये नाहीतर थेट कचऱ्यात. होस्टिंगवाल्याला तिकीट टाका, तो लावून देतो. ज्यांचा जुना रेडिफचा मेलच बंद झालाय त्यांचा पासवर्ड हाताने बदलून द्यावा लागतो, पण व्हॉट्सॲपवर कुणी म्हणालं ‘मी तोच’ म्हणून देऊ नका. आमच्याकडे नियम असा आहे की त्या माणसाला कट्ट्यावर (मेंबरांच्या भेटीगाठीत) प्रत्यक्ष भेटलेल्या दोन जुन्या मेंबरांनी हो म्हणायचं. दुसऱ्याचा आयडी पळवून भांडणं लावायचे प्रकार या वाटेने होतात.

फोटोंचं दुःख वेगळंच. २०१७ च्या मध्यावर फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटने बाहेर फोटो दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या फोरमवर एका आठवड्यात राखाडी चौकोन उगवले. गूगलचं पिकासा तर बंदच झालं. ‘खालच्या फोटोत डावीकडची वाट धरा’ असं लिहिलेलं आणि खाली चौकोन, ट्रेकिंगच्या धाग्यात हे नुसतं वाईट दिसत नाही, धोक्याचं आहे. महत्त्वाचे धागे निवडून लेखकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्यांच्याकडे हार्ड डिस्कवर मूळ फोटो असतात. काही वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात सापडतात. यापुढे फोटो फोरमवरच चढवू द्या, आपोआप लहान होतील असं लावून. आणि साइटचं सुरक्षेचं (एचटीटीपीएस) सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं असेल तर ते ९० दिवसांचं असतं आणि संपत आल्याची मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलीय, तेव्हा कॅलेंडरमध्ये आठवण लावा.

आता माणसं. खरा वेळ इथे जातो आणि यात सॉफ्टवेअर काही मदत करत नाही. मराठी फोरमवर भांडण कशावरूनही पेटतं. शिवाजी महाराजांच्या एखाद्या घटनेची तारीख, गडावर दारू, जात, शुद्धलेखन, कुणी कुणाला अरेतुरे केलं. आपल्याकडे सगळे झोपतात तेव्हा अमेरिकेतली मंडळी जेवणाच्या सुट्टीत प्रतिसाद टाकत असतात, त्यामुळे सकाळी उठून बघावं तर धाग्याला दीडशे प्रतिसाद आणि त्यातले एकशेचाळीस अवांतर. म्हणून म्हटलं दुसरा ॲडमिन वेगळ्या टाइमझोनमधला असेल तर उत्तम. आमची पद्धत साधी आहे. पेटलेला धागा आधी नुसता वाचनमात्र करायचा, उडवायचा नाही, आणि चोवीस तासांनी निर्णय घ्यायचा. निम्म्या वेळा चोवीस तासांनी कुणाला काही पडलेलंच नसतं. प्रतिसाद काढला तर का काढला ते त्या माणसाला व्यनितून दोन ओळीत सांगायचं, धाग्यावर जाहीर पंचनामा करायचा नाही. आणि ज्या वादात तुम्ही स्वतः मत मांडलंय तिथे ॲडमिनची काठी उचलायची नाही, ती दुसऱ्याने उचलायची. हा नियम पाळला तर पक्षपाताचे निम्मे आरोप गळून पडतात, उरलेले निम्मे पगारासारखे समजा.

डुआयडीच्या (एकाच माणसाच्या डुप्लिकेट आयडीच्या) मागे गुप्तहेर बनून लागू नका. आयपी सारखा दिसला म्हणून तोच माणूस असं होत नाही, मोबाइल नेटवर्कवर हजारो लोक एकाच आयपीआडून येतात. तो दुसरा आयडी काही त्रास देत नसेल तर असू दे. त्रास देत असेल तर त्रासासाठी काढा, डु आहे म्हणून नव्हे.

रुसून जाणारे ‘माझं सगळं लेखन उडवा’ म्हणतात. इथे मी अडते. आयडीचं नाव, मेल, फोटो, फोन नंबर, खासगी माहिती लगेच काढून टाकायची, तो त्यांचा हक्कच आहे. त्यांचे स्वतंत्र लेखही काढून देते, लेखन त्यांचं आहे. पण दुसऱ्यांच्या धाग्यांवरचे शेकडो प्रतिसाद उडवले की उरलेल्या चर्चेचा अर्थच जातो, सगळे जण हवेत उत्तरं दिल्यासारखे दिसतात. तिथे नाव बदलून ‘माजी सदस्य’ करते, बहुतेकांना ते पटतं. मेंबर वारल्याचं कळलं तर आयडी बंद करून ठेवायचा, लेखन जसंच्या तसं, आणि घरच्यांनी मागितलं तर सगळं एका फाइलमध्ये काढून द्यायचं. हे काम लांबणीवर टाकू नका.

कायद्याचं थोडक्यात. आयटी कायद्याच्या कलम ७९ मुळे मेंबरने काय लिहिलं याची जबाबदारी सरसकट तुमच्यावर येत नाही, आणि श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये सांगितलंय की कुणीही उठून ‘काढा’ म्हणालं म्हणून काढायची सक्ती नाही, त्यासाठी कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना लागते. पण ते संरक्षण नियम पाळले तरच मिळतं. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर दिसायला हवा. तुम्हीच तो अधिकारी. वेगळा मेल आयडी काढा, घरचा नंबर टाकू नका. वकिलाची नोटीस आली तर फोरमवर तिची चर्चा करू नका, ओळखीच्या वकिलाला दाखवा.

पैशांसाठी जाहिराती लावू नका, त्यातून येतं फार थोडं आणि पान भिकार दिसतं. वर्षातून एकदा मोजक्या जुन्या मेंबरांकडून होस्टिंगपुरते जमवा आणि पावत्यांसकट हिशोब एका धाग्यावर मांडा, मग कुणी बोलत नाही.

आता नेमकं सांगायला मला थोडी माहिती लागेल. ॲडमिन पॅनल उघडलंत की पहिल्याच पानावर बोर्डाचं व्हर्जन, डेटाबेसचा आकार, अटॅचमेंटचा आकार असं लिहिलेलं असतं. ते आणि होस्टिंगच्या पॅनलमध्ये दिसणारं पीएचपीचं व्हर्जन खाली प्रतिसादात टाका, पासवर्ड नका टाकू. तोवर काकांकडून डोमेनचा मेल आयडी तेवढा घेऊन ठेवा.